बाटलीवरचं नाव

आमच्या घरात काहीच टाकलं जात नाही. श्रीखंडाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, टेकआउटचे काळे ट्रे, सगळं धुऊन पुसून कपाटात. त्यामुळे त्या नारिंगी औषधाच्या बाटल्यासुद्धा टाकल्या नसणार हे मला आधीच सुचायला हवं होतं. नाही सुचलं. माझ्या जुन्या गोळ्या कुठल्या कंपनीने बनवल्या ते शोधायला सात महिने फार्मसी, हॉस्पिटल, इन्शुरन्स असे फोनवर फोन केले, होल्डवरची ती टुणटुण ऐकून कान किटले, आणि शेवटी जे पाहिजे होतं ते निघालं बायकोच्या शिवणाच्या डब्यात, आत ब्लाउजचे हुक भरलेले.

सुरुवातीपासून सांगतो, थोडं लांबेल.

मी न्यू जर्सीत असतो, आयटीत, मूळचा पुण्याचा. २०१२ मध्ये माझं पाठीचं ऑपरेशन झालं. एल-फोर एल-फाइव्हची डिस्क सरकलेली, डाव्या पायात करंट मारायचा, गाडीतून उतरताना दाराला धरून दोन मिनिटं उभं राहावं लागायचं. ऑपरेशन मस्त झालं, त्याबद्दल तक्रार नाही. घरी सोडताना ऑक्सिकोडोनच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या कडक वेदनाशामक गोळ्या दिल्या, दर सहा तासांनी एक, गरज लागली तर. आणि कागद समजावून सांगताना नर्स म्हणाली, दुखायची वाट बघू नका, दुखण्याच्या एक पाऊल पुढे राहा. आता आपण पडलो आज्ञाधारक, डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं, मी मोबाइलवर गजर लावून गोळ्या घेतल्या, रात्री दोनचा गजर पण चुकवला नाही. बायको म्हणायची एवढा नियमितपणा अभ्यासात दाखवला असतास तर.

मग सर्जनने पेन क्लिनिककडे पाठवलं, तिथे दर महिन्याला दहा मिनिटांची भेट, एक ते दहा मध्ये किती दुखतंय, सहा, ठीक आहे, हे घ्या प्रिस्क्रिप्शन. पाच मिलिग्रॅमचे दहा झाले, दहाचे पंधरा. मला तेव्हा व्यसन हा शब्दच डोक्यात आला नाही. व्यसन म्हणजे दारू, व्यसन म्हणजे आमच्या गल्लीतला तो माणूस जो गटाराशेजारी झोपायचा. मी तर इन्शुरन्सचं कार्ड दाखवून, दहा डॉलर को-पे भरून, सही करून गोळ्या घेत होतो. पावती मिळते ते व्यसन कसं असेल?

कळलं ते पुण्यात. २०१४ च्या डिसेंबरमध्ये मामेबहिणीचं लग्न होतं, तीन आठवड्यांसाठी आलो, गोळ्या मोजून आणल्या होत्या पण मोजणी आणि तोंड यांचा हिशोब काही जुळला नाही आणि परतीच्या चार दिवस आधी बाटली संपली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जांभया, एकामागून एक, जबडा दुखेल इतक्या. नाक गळतंय, अंगावर काटा, थंडीत घाम, आणि रात्री पाय आपोआप झटके मारतायत, गादीवर सायकल चालवल्यासारखे. आई म्हणाली, अरे तुला आता पुण्याची हवा सोसेनाशी झाली, आणि आल्याचा काढा करून दिला. मी तो काढा पीत बसलो आणि डोक्यात एकच, विमान कधी आहे. आईला नाही, घराला नाही, फक्त विमानाला भेटायचं होतं मला. बायको समोर बसून बघत होती. तिने काही विचारलं नाही, परत आल्यावर मात्र गुगल करून प्रिंटआउट काढून टेबलावर ठेवली, त्यातली लक्षणं पिवळ्या मार्करने रंगवलेली, आणि वर एवढंच म्हणाली की ही सर्दी नाहीये.

त्यानंतरची दोन वर्षं मी भराभर ओलांडतो. ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गोळ्यांची ओढ कमी करणारं औषध, जिभेखाली ठेवायची पट्टी, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चर्चच्या बेसमेंटमधली व्यसन सोडणाऱ्यांची मीटिंग, तिथे मी एकटाच देशी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाणचट कॉफी. आईला आजतागायत सांगितलेलं नाही, तिच्या लेखी पाठ, नुसती पाठ.

आता मूळ विषय. २०२० चा जून, लॉकडाउन, मीटिंग झूमवर गेलेली. त्यात एक छपरांची कामं करणारा माझा मित्र आहे, साठीच्या पुढचा, तो म्हणाला अरे पर्ड्यूच्या केसमध्ये क्लेम भरलास का, तारीख जातेय. मला वाटलं हे सगळं सरकारांचं चाललंय, राज्यं विरुद्ध कंपन्या, आपल्यासारख्यांचा काय संबंध. तर तो म्हणाला नाही, माणसांना पण भरता येतो.

झालं होतं असं की पर्ड्यू फार्मा, ऑक्सिकॉन्टिन या नावाने ऑक्सिकोडोनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या विकणारी, तिच्यावर हजारोंनी खटले पडले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिने न्यू यॉर्कच्या व्हाइट प्लेन्समधल्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. चॅप्टर इलेव्हन. आपल्याकडे दिवाळं वाजलं म्हटलं की दुकानाला कुलूप आणि शेट गायब. इथे तसं नसतं. दुकान चालू राहतं, फक्त ज्यांना ज्यांना काही येणं आहे त्यांनी अमुक तारखेपर्यंत कोर्टात कागद टाकायचा आणि त्या तारखेनंतर आलात तर तोंड बंद. तारीख आधी ३० जून होती, कोविडमुळे ३० जुलै झाली. म्हणजे व्यसनाधीन माणूस, किंवा मेलेल्या पोराची आई, ही आता त्या कंपनीची धनको झाली. कागदावर मी, आणि ऑफिसला टोनर पुरवणारा, आणि टेक्सस राज्य, सगळे एकाच रांगेत. गंमत वाटते पण रांग खरी तीच आहे.

फॉर्म ऑनलाइन होता, फी नाही, वकील लागत नाही. टीव्हीवर वकिलांच्या जाहिराती चालू होत्या पण मी म्हटलं मिळाले तर किती मिळणार, त्यातले हे किती नेणार, स्वतःच भरू. रात्री मुलं झोपल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. नाव, पत्ता, काय इजा झाली त्याच्यापुढे चौकोन, मृत्यू, व्यसन, नोकरी गेली, आणखी बरंच. मी व्यसनाच्या चौकोनात टिक करायला माऊस नेला आणि थांबलो. पाच वर्षं मीटिंगमध्ये सांगत होतो पण सरकारी कागदावर हे पहिल्यांदा. ग्रीन कार्डचं काय, कंपनीला कळलं तर काय. नीट वाचलं तर माणसांचे क्लेम गोपनीय ठेवणार असं लिहिलेलं, तरी पण बायकोला उठवून विचारून आलो. ती झोपेतच म्हणाली, कर.

मग प्रश्न आला की कोणतं औषध. मी लिहिलं जेनेरिक ऑक्सिकोडोन. बनवणारी कंपनी? माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं! तीन वर्षं जी वस्तू मी दिवसातून चार-पाच वेळा तोंडात टाकली ती बनवली कोणी हे मला सांगता येईना. पार्ले-जी कोण बनवतं हे सांगेन. सगळ्यांच्या तोंडी पर्ड्यूचं नाव म्हणून आपला पण क्लेम तिथेच, एवढाच माझा विचार होता आणि मी सबमिट दाबलं. सहा लाखांच्या वर क्लेम आले होते नंतर वाचलं, त्यात माझ्यासारख्या माणसांचे एक लाख तीस हजारांच्या वर.

मग जे सुरू झालं ते म्हणजे कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये हे ज्याने म्हटलं त्याला साष्टांग. २०२१ मध्ये जाड पाकीट आलं, मतपत्रिका. हो, मत द्यायचं, प्लॅन मान्य आहे की नाही. प्लॅनचं इंग्रजी असं की मी तीन पानांत झोपलो. ढोबळ अर्थ असा की कंपनीचे मालक सॅकलर कुटुंब काही अब्ज डॉलर देणार आणि त्या बदल्यात त्यांच्यावर पुन्हा कोणीही कधीही ओपिऑइडसाठी, म्हणजे या अफूच्या जातीच्या औषधांसाठी, केस करायची नाही. आता लक्षात घ्या, दिवाळखोर कंपनी होती, कुटुंब नव्हे. त्या कुटुंबाने आधीच्या दहाएक वर्षांत कंपनीतून सुमारे ११०० कोटी डॉलर बाहेर काढले होते, निम्म्याच्या आसपास टॅक्समध्ये गेले म्हणतात, तरी उरलेले बघा. दिवाळं कोणाचं आणि माफी कोणाला, ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. मी तरीही हो म्हणून मत दिलं. लाज वाटायचं कारण नाही, मीटिंगमधल्या बऱ्याच जणांनी तसंच दिलं कारण उपचारांना पैसे आज हवेत, न्याय पाच वर्षांनी आला तरी चालेल असं नाही पण काय करता.

सप्टेंबर २०२१ मध्ये दिवाळखोरी कोर्टाचे जज ड्रेन यांनी प्लॅन मंजूर केला. डिसेंबरमध्ये वरच्या जज मॅकमॅहन यांनी तो रद्द केला, म्हणाल्या असं संरक्षण द्यायचा अधिकारच दिवाळखोरी कोर्टाला नाही. मग परत वाटाघाटी, कुटुंबाने आकडा ६०० कोटींपर्यंत वाढवला. आणि त्याच वेळी, १० मार्च २०२२ ला, एक गोष्ट झाली जी मी फोनवरून ऐकली. कोर्टाने सॅकलर कुटुंबातल्या तिघांना झूमवर बसवलं आणि ज्यांची माणसं गेली त्यांना त्यांच्याशी बोलायला दिलं. दोघे स्क्रीनवर होते, रिचर्ड सॅकलर यांचा फक्त ऑडिओ. त्यांनी उत्तर द्यायचं नाही, फक्त ऐकायचं. एका आईने पोरगा सापडला त्या दिवशीचा तिचा ९११ चा कॉल ऐकवला. मी गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये लावून ऐकत होतो, ऑफिसमध्ये डेंटिस्टकडे जातो सांगून. शेजारी एक बाई ट्रॉलीतून सामान डिकीत टाकत होती, टॉयलेट पेपरचे मोठे गठ्ठे, ते मावत नव्हते, ती परत परत कोंबत होती. कॉल संपला तरी ती कोंबतच होती. मला त्या दिवसाचं आठवतं ते हेच.

पुढे मे २०२३ मध्ये अपील कोर्टाने प्लॅन परत उचलून धरला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवला, ४ डिसेंबरला सुनावणी, आणि २७ जून २०२४ ला निकाल, पाच विरुद्ध चार, की जे स्वतः दिवाळखोर नाहीत त्यांना पीडितांच्या संमतीशिवाय असं कवच देता येत नाही. उजव्या विचारांचे जज गोर्सच यांनी निकाल लिहिला आणि डाव्या विचारांच्या जॅक्सन त्यांच्या बाजूला, तर विरोधात उजवे कॅव्हनॉ आणि डाव्या सोटोमायोर एकत्र, अशी जोडगोळी नेहमी बघायला मिळत नाही. तत्त्व म्हणून मला निकाल पटला. पण त्या दिवशी झूमवर माझा तो छपरांवाला मित्र एवढंच म्हणाला की म्हणजे आता परत पहिल्यापासून ना, आणि कॅमेरा बंद केला.

पहिल्यापासूनच. जानेवारी २०२५ मध्ये नवीन आकडा, एकूण ७४० कोटी डॉलर, त्यात कुटुंबाचे ६५० पर्यंत, तेही पंधरा वर्षांत, आणि कंपनीचे ९०. यात फरक असा की ज्याला हे मान्य नाही त्याला त्या कुटुंबावर केस करायचा हक्क राहतो. माणसांसाठी साधारण ८६.५ कोटी बाजूला. ऐकायला भरपूर, पण वाटून अंदाज लावला लोकांनी तर माणशी आठ हजार किंवा सोळा हजार डॉलर, किती काळ गोळ्या लिहून दिल्या होत्या त्यावर. आणि अट, की गोळ्या त्याच कंपनीच्या होत्या याचा पुरावा हवा. ऑक्सिकॉन्टिन, किंवा त्यांच्याच ऱ्होड्स नावाच्या जेनेरिक कंपनीची.

आणि इथून माझे ते सात महिने सुरू.

इथे पहिल्यांदा मला एनडीसी नंबर म्हणजे काय ते कळलं. अमेरिकेत प्रत्येक औषधाला एक नंबर असतो, त्याचे पहिले आकडे म्हणजे बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीचा कोड. पर्ड्यूचा ५९०११, ऱ्होड्सचा ४२८५८. मला हे आकडे आता आधारच्या नंबरपेक्षा पाठ आहेत. म्हणजे काय करायचं, जुनी रेकॉर्ड काढायची आणि त्यात हा नंबर शोधायचा, एवढंच. एवढंच!

पहिली फार्मसी, जिथून मी दोन वर्षं गोळ्या घेतल्या, ती बंद पडून तिथे आता बबल टीचं दुकान आहे. त्यांची रेकॉर्ड दुसऱ्या साखळीने घेतली होती, त्यांना फोन, चाळीस मिनिटं होल्ड, मग एक पोरगी अगदी गोड आवाजात म्हणाली सर एवढं जुनं आम्ही ठेवत नाही. पेन क्लिनिकचे डॉक्टर रिटायर होऊन फ्लोरिडाला. हॉस्पिटलकडे लेखी अर्ज केला, कायद्याने तीस दिवसांत द्यायला लागतं, दिलंही, चारशे पानं आली पीडीएफ, त्यात माझं ब्लडप्रेशर आहे, मी किती वाजता लघवीला गेलो ते आहे, ऑक्सिकोडोन असा शब्द एकशे बारा वेळा आहे, आणि कंपनीचं नाव एकदाही नाही. हॉस्पिटलला काय पडलंय कोणी बनवली. डॉक्टर लिहितो औषध, कंपनी ठरते फार्मसीच्या काउंटरच्या मागे, त्या महिन्यात घाऊकवाल्याकडून जी स्वस्त आली ती.

हे सगळं करताना मला एक गोष्ट नीट समजली जी इतकी वर्षं बातम्या वाचून समजली नव्हती. सरकारी आकडे २०१९ मध्ये कोर्टाच्या आदेशाने बाहेर आले, २००६ ते २०१२ या सात वर्षांत अमेरिकेत या वेदनाशामक गोळ्या विकल्या गेल्या ७६ अब्ज, आणि त्यातल्या ८८ टक्के बनवल्या तीन जेनेरिक कंपन्यांनी, ज्यांची नावं तुम्ही रस्त्यावर दहा जणांना विचारलीत तर एकालाही येणार नाहीत. पर्ड्यूचा वाटा गोळ्या मोजल्या तर तीनेक टक्के. अर्थात गोळ्या मोजणं हे पण अर्धवटच, ऑक्सिकॉन्टिनची एक गोळी म्हणजे साध्याच्या कितीतरी पट, ताकदीने मोजलं तर वाटा वाढतो. आणि मुळात १९९६ पासून डॉक्टरांच्या दारोदार जाऊन हे औषध सवय कमी लावतं असं विकलं ते त्यांनीच, २००७ मध्ये व्हर्जिनियातल्या कोर्टात गुन्हा कबूल केलाय, साठ कोटींच्या आसपास दंड, तीन साहेब दोषी, तुरुंगात कोणी नाही. २०२० मध्ये परत कबुली, तीन फेलनी म्हणजे गंभीर गुन्हे, कागदावर ८३० कोटी, सरकारच्या हातात रोख येणार साडेबावीस कोटी, तुरुंगात परत कोणी नाही. पण शेत एकाने नांगरलं की त्यात पेरायला बाकीचे मोकळे असतात, आणि पीक नेणारे तर फारच.

(तुरुंगात कोणीच गेलं नाही असंही नाही. इन्सिस नावाच्या कंपनीचा संस्थापक जॉन कपूर, अमृतसरचा जन्म, फेंटॅनिल या त्याहून कडक ओपिऑइडचा स्प्रे लिहून द्यायला डॉक्टरांना भाषणांच्या नावाखाली पैसे चारले म्हणून बॉस्टनमध्ये दोषी ठरला आणि जानेवारी २०२० मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. आमच्या देशी व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी सीईओ झाला की पेढे वाटतात, त्या दिवशी ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं.)

तर बाटली. ऑगस्टमधला शनिवार, मुलीच्या गॅदरिंगचा परकर शिवायला बायकोने डबा काढला, तो मोठा बिस्किटांचा निळा डबा असतो ना सगळ्यांच्या घरी, ज्यात बिस्किटं कधीच नसतात, तो. मी समोर इन्शुरन्सवाल्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवलेला. तिने त्यातून नारिंगी बाटली काढली आणि झाकण दाबून फिरवलं. तो आवाज. कट कट कट असा दातऱ्यांचा आवाज असतो त्या झाकणाचा, लहान मुलांना उघडू नये म्हणून. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दहा वर्षं झाली सोडून, आत हुक आहेत हे मला दिसतंय, तरी. तिने माझ्याकडे बघितलं आणि बाटली हळूच टेबलावर ठेवली.

लेबल अर्धं खरवडलेलं होतं. माझं नाव, आडनावाचं स्पेलिंग नेहमीप्रमाणे चुकलेलं. ऑक्सिकोडोन १५ मिलिग्रॅम, संख्या १२०. १२०! एका महिन्याच्या. तारीख नोव्हेंबर २०१३. आणि अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात, एमएफजी म्हणजे बनवणारी कंपनी आणि त्यापुढे सहा अक्षरांचं आखूड केलेलं नाव, आणि एनडीसी. मी चष्मा काढून मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. सुरुवात ४२८५८ ने नव्हती. ५९०११ ने पण नव्हती.

मग आम्ही दोघांनी घर उलटंपालटं केलं. आणखी तीन सापडल्या. एकीत सुटे सेंट, एकीत मुलाचे पडलेले दुधाचे दात, एकीत आई २०१३ मध्ये सहा महिने राहायला आली होती तेव्हाचा ओवा. ती आपल्याला झाकण उघडत नाही म्हणून चिडायची ते आठवलं, अगं सूनबाई हे काय कुलूप लावलंय ओव्याला. तिच्या लेकाने रिकामी केलेल्या बाटलीत तिनेच ओवा भरला होता आणि मी तिला दाबून फिरवायचं कसं ते शिकवलं होतं. चार बाटल्या, तीन वेगवेगळ्या कंपन्या, त्यातली एकही पर्ड्यू नाही, ऱ्होड्स नाही. पुढे दोन आठवड्यांनी इन्शुरन्सकडून एकतीस महिन्यांची यादी आली, एनडीसी सकट. मी एक्सेलमध्ये घातली, फिल्टर लावला, शून्य ओळी.

म्हणजे पाच वर्षं मी ज्या रांगेत उभा होतो ती माझी रांगच नव्हती. आपण बँकेत तासभर उभं राहावं आणि खिडकीवर कळावं की हे टपाल खातं आहे, तसं. ज्या तीन कंपन्या निघाल्या त्यांची नावं इथे लिहीत नाही. त्यातल्या एकीचं दिवाळं मधल्या काळात वाजून गेलं होतं, तिथे पण क्लेमची तारीख होती, ती कधीच उलटलेली. मला तेव्हा बाटली बघायची अक्कल असती तर. पण माझं लक्ष होतं प्रसिद्ध नावाकडे. एका ओळखीच्या वकिलाला विचारलं, तो म्हणाला जेनेरिकवाल्यावर एकट्याने केस करणं म्हणजे विसरा, ते म्हणतील आम्ही मंजूर लेबल जसंच्या तसं छापलं, डॉक्टरने लिहिलं, फार्मसीने दिलं, तुम्ही गिळलं. आणि प्रत्येक वाक्य खरं आहे, ही तर चीड आहे. प्रत्येकाचा हात पुढच्याकडे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरी कोर्टाचे नवे जज लेन यांनी नवा प्लॅन मंजूर केला. मी ऐकलं, सवय म्हणून. कंपनी मोडून नोआ फार्मा नावाने जनहितासाठी चालवायची, कागदपत्रं लाखोंनी लोकांसाठी खुली करायची असं त्यात ठरलं. ती कागदपत्रं ही मला पैशांपेक्षा मोठी गोष्ट वाटते खरं सांगतो, कारण दंड भरून माणसं विसरतात पण ईमेल राहतात. पैसे म्हणाल तर राज्याला मिळतायत, वितरक कंपन्या आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्या २६०० कोटींच्या समझोत्यातून न्यू जर्सीच्या वाट्याला २०३८ पर्यंत ६४ कोटींच्या आसपास, निम्मे राज्याला, निम्मे काउंटी आणि गावांना. त्यातून आमच्याकडे चांगली कामं चालू आहेत, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या बजेटमध्ये त्यातलेच साडेचार कोटी मोठ्या हॉस्पिटल साखळ्यांना वळवले, राज्याच्या ॲटर्नी जनरलचाच विरोध असताना. पैसा आला की त्याचे नातेवाईक पण येतात, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

आणि गावाकडचं म्हणाल तर त्याच वर्षी फेब्रुवारीत बीबीसीने दाखवलं की मुंबईची एक कंपनी टॅपेंटाडोल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र करून, जी जोडी जगात कुठेच मंजूर नाही, घाना, नायजेरिया, कोत दिव्हुआरला पाठवत होती. बातमी आल्यावर धाड पडली, त्या जोडीवर बंदी आली. मी ती बातमी पुण्यातल्या मित्राला पाठवली तर तो म्हणाला बरं झालं आपल्याकडे विकत नव्हते. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, शेवटी अंगठा पाठवला.

माझा क्लेम मी मागे घेतलेला नाही, घ्यायची गरज पण नाही, पुरावा नाही म्हणजे तो आपोआप गळणार. छपरांवाल्या मित्राकडे तर बाटली पण नाही, त्याची बायको सगळं टाकणारी होती म्हणे. मी त्याला इन्शुरन्सकडून यादी कशी मागवायची ते लिहून दिलंय, कोणत्या खात्याला फोन करायचा, कोणता शब्द वापरला की होल्डवर कमी ठेवतात, एनडीसी हवाय असं पहिल्याच वाक्यात सांगायचं वगैरे. त्याचा अजून निरोप नाही.

बाटल्या चारही माझ्या टेबलावर महिनाभर होत्या. बायकोने परवा विचारलं, झालं का तुझं यांचं काम. म्हटलं झालं. तिने तीन कचऱ्यात टाकल्या, लेबलं सोलून. दातांची ठेवली. मी झाकण बदलायला सांगितलंय, साधं फिरकीचं बसव कुठलंतरी, ती शोधतेय, त्या मापाचं मिळत नाहीये.